अक्कलदाढ : वयाचा एक दाखला

मागच्या चवथीला दुसऱ्या दिवशी आमच्या कन्येने अर्धी नेवरी खाऊन उरलेली ताटात ठेवली, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नेवऱ्यांवर तुटून पडणारी मुलगी ती. पण घरात पाहुणे, माटोळीखाली पोरांचा गोंधळ, कोण बघतो? संध्याकाळी आरतीच्या वेळी ती तोंड अर्धवट मिटूनच म्हणत होती. रात्री सांगितलं, "पपा, मागे कुठेतरी ठणकतंय. तोंड उघडत नाही." सौ.ने लवंग दिली. सकाळी उजवा गाल सुपारी धरल्यासारखा झाला होता.

मग दाताचा डॉक्टर, मग ओपीजी. हे ओपीजी म्हणजे सबंध जबड्याचा एकच लांबलचक एक्स-रे. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि चित्र मोबाईलवर येतं. चित्रात आमच्या लेकीचे दात एका ओळीत हसत होते, आणि खाली उजवीकडे एक दाढ चक्क आडवी पडून शेजारणीला ढुशी देत होती. बाकी तीन हिरडीच्या आत, निमूट. डॉक्टर म्हणाले, "सतरा वर्षांची आहे ना? हेच वय. चारही काढून टाकूया. दिवाळीच्या सुट्टीत उरकून जाईल." आणि खर्चाचा कागद पुढे केला.

आता मी पडलो कारकून. कागद पुढे आला की आधी त्याची मागची पानं बघायची ही वीस वर्षांची सवय. जी दाढ दुखते ती काढायची हे समजलं. पण ज्या तीन दुखत नाहीत त्या का काढायच्या, आणि त्याही आत्ताच का? न्यूजर्सीतल्या आतेभावाला फोन केला तर तो हसायलाच लागला. त्याच्या दोन्ही मुलांच्या चारही दाढा बारावीनंतरच्या सुट्टीत काढून झाल्या आहेत. "इकडे सगळेच काढतात रे, त्यात विचार काय करायचा?" दुसरीकडे माझी आत्या, म्हणजे ह्याचीच आई, ऐंशी पार केलेली, तिच्या चारही अक्कलदाढा अजून जागेवर आहेत आणि भाजलेली बिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, ती अजून त्यांच्यावर फोडते.

एकाच घरात दोन पिढ्या आणि दोन टोकं. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला माणूस, त्यामुळे औषधातलं काही कळलं नाही तरी हा रिवाज कुठून आला एवढं तरी शोधता येईल म्हणून वाचायला बसलो. ते वाचन बरंच लांबलं. त्यातलं जे मला रंजक वाटलं ते इथे मांडतो आहे.

आधी नावापासून. 'अक्कल' हा शब्द अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला, आणि दाढ आपली घरची. अरबीतही हिला अकलेचीच दाढ म्हणतात. लॅटिनमध्ये शहाणपणाचे दात, इंग्रजांनी तेच उचललं. आमच्याकडे पोर्तुगीज शिकलेली जुनी माणसं 'देंति दु सीझु' म्हणत, सीझु म्हणजे समज, विवेक. सगळ्यांचा हिशेब एकच, की माणसाला समज येण्याच्या वयात ही उगवते. तुर्की लोक मात्र सरळ 'वीस वर्षांचा दात' म्हणून मोकळे होतात. कोरियन भाषेत ती प्रेमाची दाढ, कारण त्याच वयात दोन्ही दुखणी सुरू होतात! आणि जपानी नाव मला सगळ्यांत आवडलं : 'ओयाशिराझु', म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेली. ही उगवेपर्यंत मूल हाताबाहेर गेलेलं असे, किंवा आईबापच जगातून गेलेले असत. आज आईबापांना ती उगवण्याआधीच मोबाईलवर दिसते, ही गोष्ट वेगळी.

अॅरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की शेवटच्या दाढा विशीच्या सुमारास येतात, पण ऐंशी ओलांडलेल्या बायकांनाही त्या मोठ्या वेदनांसह आल्याची उदाहरणं आहेत. हे निरीक्षण ठीक. त्याच ग्रंथात बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असंही तो ठोकून देतो. त्यावर बर्ट्रांड रसेलने म्हटलं होतं की ह्या माणसाने नुसतं आपल्या बायकोला तोंड उघडायला सांगितलं असतं तरी चूक टळली असती. असो.

आपल्याकडचं सांगायचं तर सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात तोंडाचे रोग आहेत. त्यात जबड्याच्या अगदी शेवटच्या दाताशी येणारी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणं अशी लक्षणं देऊन 'अधिमांस' नावाचा विकार सांगितला आहे. मी हे वाचलं तेव्हा चवथीच्या दुसऱ्या दिवशीचा आमच्या मुलीचा गाल डोळ्यांपुढे आला. आजचे वैद्य ह्याला अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीची सूजच मानतात. चिकित्सास्थानात उपाय आहे : ते वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड, पाठा, यवक्षार वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. म्हणजे दात ठेवायचा, वरची हिरडी काढायची. त्याच अध्यायात जादा उगवणाऱ्या दाताचा वेगळा विकार आहे. तो येताना भयंकर दुखतो आणि उगवून आला की दुखणं थांबतं, असं निरीक्षण आहे. असा जादा दात उपटायचा असेल तर उपटून मग ती जागा डागायची. भूल नव्हती, हे लक्षात ठेवून हे वाचावं.

तर दुखली की बघायची, हा जगभरचा जुना शिरस्ता होता. न दुखणाऱ्या दाढेकडे कोणी बघत नव्हतं, कारण ती दिसतच नव्हती.

फ्रान्समध्ये काप ब्लां नावाच्या ठिकाणी १९११ साली एका दगडी आसऱ्याखाली एक सांगाडा सापडला. तेरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वीचा. १९२६ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने तो विकत घेतला. हाडं एका बाईची, पण अक्कलदाढा वर आलेल्या नव्हत्या. त्यावरून तज्ज्ञांनी ठरवलं की ही कुमारवयातली मुलगी असणार, आणि 'माग्दालेनियन मुलगी' म्हणून ती ऐंशी वर्षं काचेच्या पेटीत राहिली. २००६ च्या सुमारास नव्याने एक्स-रे काढून बघितलं तर दाढा आत होत्याच. त्या उगवायच्या राहिल्या नव्हत्या, जबड्यात अडकल्या होत्या. बाकीची लक्षणं बघता बाईचं वय पंचवीस ते पस्तीस निघालं. संग्रहालयाने पाटी बदलली. अडकलेल्या अक्कलदाढेचं हे जगातलं जुन्यात जुनं उदाहरण मानलं जातं. बिचारीला काय ठणका लागला असेल कोणास ठाऊक. आणि तिचं वय मात्र दातांनी चुकीचं सांगितलं.

ही वयाची गोष्ट मला कारकून म्हणून फार जवळची. माझ्या खात्यात निम्मे अर्ज जन्मतारखेपाशी अडतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून नागरी नोंदणीची पद्धत असल्यामुळे आमचे जुने दाखले निघतात तरी. हल्ली पोर्तुगीज पासपोर्टासाठी लोक आजोबांच्या जन्माची नोंद शोधत फिरतात ती ह्याच दप्तरांतून. पण जिथे दप्तरच नसेल तिथे माणसाचं वय ठरवायचं कसं?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न १८३३ साली आला. त्या वर्षीच्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी केली आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचे तास मर्यादित केले. कायदा चांगला. पण सरकारी जन्मनोंदणी तिथे सुरू झाली १८३७ मध्ये! मग गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या पोराचं वय तेरा की अकरा, हे सांगणार कोण? उंची बघून डॉक्टर दाखला देत. आईबापांना पोराची मजुरी हवी, मालकाला पोरगं हवं, त्यामुळे वय वाढवून सांगण्यात दोघांचंही हित. तेव्हा एडविन साँडर्स नावाच्या तरुण दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून १८३७ मध्ये 'दात ही वयाची कसोटी' अशा अर्थाची एक पुस्तिका पार्लमेंटपुढे ठेवली. त्याचं म्हणणं, उंची खाण्यापिण्यावर जाते, दात त्या मानाने वेळ पाळतात. पोराला 'आ' करायला सांगा, पुढचं कळतंच.

म्हणजे हल्ली आम्ही ज्याला 'वयाचा पुरावा' म्हणतो तो त्या गिरणीच्या दारात तोंडात होता. गंमत अशी की कर्मचारी खोटं बोलू शकतो, बाप खोटं बोलू शकतो, पण दाढ बोलत नाही. (माग्दालेनियन बाईच्या दाढेने फसवलं, ते सोडा.)

ही कसोटी संपलेली नाही. आपल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत अक्कलदाढ सतरा ते पंचवीस ह्या वयात येते असं शिकवतात, आणि सज्ञान की अज्ञान असा वाद आला की दात नि हाडं तपासायला पाठवतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. कागद आधी, हाड नंतर. हा क्रम मला व्यक्तिशः फार पटतो. स्वीडनमध्ये २०१७ पासून कागदपत्रं नसलेल्या निर्वासित मुलांच्या अक्कलदाढांचे एक्स-रे आणि गुडघ्यांचे स्कॅन काढून ते अठराच्या आत की बाहेर हे ठरवायला लागले, आणि त्यावर तिथे बरंच वादळ उठलं. सतरा ते पंचवीस एवढी ऐसपैस मुदत असलेल्या दाखल्यावर एखाद्याचं नशीब ठरवायचं म्हणजे कठीणच.

बरं, दाढेला जबड्यात जागा का मिळत नाही? डार्विनने १८७१ च्या ग्रंथात लिहिलं की सुधारलेल्या समाजांत ह्या दाढा निकामी होण्याच्या वाटेवर दिसतात, आणि शिजवलेलं मऊ अन्न हे त्याचं एक कारण असावं. पुढच्या अभ्यासकांनी हे प्रकरण जरा उलटं मांडलं. दाढ लहान झाली नाही, जबडा पुरता वाढत नाही. वाढत्या वयात चावून चावून जबड्याचं हाड रुंदावतं. रॉबर्ट कॉरुचिनी ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ज्या समाजांचं खाणं एकदोन पिढ्यांत बदललं त्यांचे दात तपासले. त्यात आपल्या चंदीगडची आणि आसपासच्या खेड्यांतली मुलंही होती. शहरातल्या मुलांच्या तोंडात दातांची गर्दी जास्त. वंश एकच, पिढीही एकच, फरक काय तो चावण्याचा. आत्याची बिकणां, सुका बांगडा आणि ऊस एकीकडे. आमच्या लेकीचा ब्रेड आणि नूडल्स दुसरीकडे. अर्थात दोष एकट्या नूडल्सवर ढकलणं बरं नव्हे. कित्येकांना ही दाढ जन्मतःच नसते. जगभरच्या अभ्यासांची २०१५ मध्ये जी एकत्र मोजणी झाली तिच्याप्रमाणे शंभरातल्या साधारण तेवीस जणांना चारपैकी निदान एक दाढ नसतेच. आणि दुसऱ्या वर्षीच्या मोजणीत साधारण चोवीस जणांची निदान एक अडकलेली.

आता मूळ प्रश्न. न दुखणारी दाढ काढण्याची कल्पना कधी आली? ह्याला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या, आणि त्या जवळजवळ एका आयुष्यात जुळून आल्या.

पहिली भूल. हार्टफर्डच्या होरेस वेल्स ह्या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ ला नायट्रस ऑक्साईड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. तोपर्यंत दात काढणं म्हणजे शिक्षा होती, शौकाने कोणी करत नसे. दुसरी एक्स-रे. रॉन्टजेनने १८९५ च्या अखेरीस किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीतच जर्मनीत ओटो वाल्कहॉफ जमिनीवर आडवा पडून, तोंडात काळ्या कागदात गुंडाळलेली काच धरून पंचवीस मिनिटं स्वतःवर ते किरण घेत राहिला. दातांचा हा पहिला एक्स-रे. पंचवीस मिनिटं! नंतर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत फिनलंडच्या युर्यो पाटेरोने सबंध जबडा एका चित्रात आणणारं यंत्र घडवलं, तेच आमचं ओपीजी. तिसरी गोष्ट वर्गवारी. सेंट लुईच्या जॉर्ज विंटरने १९२६ मध्ये खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेवर आख्खा ग्रंथ लिहिला. दाढ उभी, तिरपी, आडवी, उलटी, अशी प्रत्येकीची जात ठरवली. आजही डॉक्टर त्याच जाती सांगतात. आमच्या लेकीची 'आडवी' ती विंटरच्या हिशेबानेच.

आमच्या खात्यातही असंच असतं. एकदा रकाना छापला की तो भरावा लागतो. पूर्वी जे कोणाच्या ध्यानात नव्हतं, ते चित्रात दिसायला लागलं, त्याला नाव मिळालं, आणि नाव मिळालं की तो आजार झाला.

ह्याच काळातली टॉन्सिल्सची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली पाहणी आहे. अकरा वर्षांची एक हजार मुलं घेतली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले! उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी १७४ जणांचे काढा म्हणून सांगितलं. जे सुटले ते २१५. ह्या सुटलेल्यांनाच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, आधीचा निकाल न सांगता. त्यांनी त्यातले ९९ निवडले. उरले ११६. पुन्हा तिसरीकडे. तिथे आणखी ५१ जणांना ऑपरेशन सांगितलं. शेवटी हजारात ६५ मुलं उरली जिच्या गळ्याला कोणी हात लावा म्हटलं नव्हतं, आणि डॉक्टर संपले म्हणून पाहणी थांबली. प्रत्येक फेरीत साधारण निम्मी मुलं! म्हणजे डॉक्टर मुलाच्या गळ्यात बघत होते की मनातल्या एका ठरावीक प्रमाणात, हा प्रश्न पडतो. हे डॉक्टर लबाड नव्हते. मला वाटतं, लबाडी असती तर बरं झालं असतं, ती पकडता तरी येते.

अमेरिकेत अक्कलदाढेचं असंच झालं. दातांचा विमा पसरला, दवाखान्यातच भूल देण्याची सोय झाली, आणि दात सरळ करायला तारा लावणाऱ्या मंडळींनी एक भीती घातली की मागची दाढ पुढच्या दातांना ढकलते आणि हजारो डॉलर घालून सरळ केलेली ओळ पुन्हा वाकडी होते. कोणत्या आईबापांना हे परवडेल? १९७० च्या दशकात तर सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या जबड्यातून दाढेचं कोंभच खुडून टाकावं असंही सुचवलं गेलं.

१९७९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ह्या एकाच विषयावर तज्ज्ञांची परिषद भरवली. वारंवार सूज, गळू, शेजारची दाढ किडणं अशी कारणं असतील तर काढावी, ह्यावर एकमत झालं. केवळ पुढच्या दातांची गर्दी टाळायला काढावी ह्याला मात्र फारसा आधार नाही असं ठरलं. कोंभ खुडण्यालाही पाठिंबा मिळाला नाही. पण त्याच परिषदेने दुसरी एक गोष्ट मान्य केली, आणि सगळी मेख तिथेच आहे : काढायचीच असेल तर तरुण वयात त्रास कमी होतो. सोळा ते अठरा-एकोणीसच्या सुमारास दाढेची मुळं पुरती झालेली नसतात, हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. पुढे मुळं लांबतात आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या जवळ येतात. ती नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची बरी होते, पण शंभरात एकापेक्षा कमी का होईना, काहींची कायमची तशीच राहते.

म्हणजे दाढ काढायची की नाही हे कळण्याचं वय पुढे, आणि काढायला सोपं वय आधी. ही खरी अडचण. आईबापांच्या ह्याच भीतीवर सगळा व्यवहार चालतो. २००७ मध्ये जे फ्रीडमन ह्या अमेरिकन दंतवैद्याने तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात हिशेब मांडला : दरवर्षी अंदाजे पन्नास लाख अमेरिकनांच्या एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात, आणि त्यातल्या बहुसंख्य काढण्याचं कारण नाही. तोंडाच्या शस्त्रवैद्यांच्या संघटनेला अर्थातच हे पटलं नाही.

इंग्लंडने उलट टोक गाठलं. तिथली सरकारी संस्था 'नाइस' हिने मार्च २००० मध्ये आपला अगदी पहिला मूल्यांकन-निर्णय काढला तोच ह्या दाढेवर : रोग नसलेली अडकलेली दाढ सरकारी आरोग्यसेवेत नुसती खबरदारी म्हणून काढणं बंद. त्याआधी १९९८ मध्ये तिथल्याच एका प्रयोगात तरुणांचे दोन गट करून एकाच्या दाढा काढल्या, दुसऱ्याच्या ठेवल्या. काही वर्षांनी पुढच्या दातांच्या गर्दीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. पण गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. दहाएक वर्षांनी इंग्लंडच्याच डॉक्टरांनी आकडे काढले तर असं दिसलं की दाढ काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय २५ वरून ३२ वर गेलं आहे, आणि काढण्याच्या कारणांत शेजारच्या चांगल्या दाढेला मागून लागलेली कीड वाढली आहे. म्हणजे काहींच्या बाबतीत ऑपरेशन टळलं नव्हतं, लांबलं होतं, आणि लांबताना शेजारीण घेऊन गेलं होतं. २०२० मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेने सगळे प्रयोग पुन्हा तपासून सांगितलं की दुखत नसलेली दाढ काढावी की ठेवावी हे ठरवायला पुरेसा पुरावाच नाही. ठेवली तर वेळोवेळी तपासत राहा.

एवढं वाचून हाती काय आलं, असं सौ.ने विचारलं. रास्त प्रश्न.

इथे माझीही एक गोष्ट सांगायला हवी. माझी खालची डावी दाढ अशीच तिरपी होती. विशीत एका डॉक्टरने काढायला सांगितली होती, मी भीतीने गेलो नाही. लवंग, मिठाच्या गुळण्या आणि गोळ्या ह्यांवर अठरा वर्षं काढली. एकेचाळिसाव्या वर्षी सुजून जबडा मिटेना तेव्हा एका खाजगी दवाखान्यात काढवून घेतली. दीड तास लागला. शेजारची दाढही गेली. त्यानंतर पाच महिने माझ्या खालच्या ओठाचा डावा कोपरा बधिर होता. चहा पिताना ओघळ यायचा आणि मला कळायचं नाही, समोरचा खुणेने सांगायचा. नंतर आलं परत. दोष त्या डॉक्टरचा म्हणत नाही, त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं. पण ओपीजीतली ती आडवी दाढ बघताना माझा हात आपोआप ओठाकडे गेला, हे खरं. चारही काढून टाकूया, सुटूया, असं एक मन म्हणतच होतं. आणि हे मन इतिहास वाचत नव्हतं.

आम्ही बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालयात दुसरं मत घ्यायला गेलो. तिथल्या बाईंनी चित्र बघितलं, मग चित्र बाजूला ठेवून मुलीलाच विचारलं, "तुला किती वेळा दुखलं?" एकदाच, असं तिने सांगितलं. "मग सूज उतरू दे. पुन्हा आली तर खालची उजवी काढू. वरच्या दोन सरळ आहेत, त्यांना जागा दिसते. डावीकडची वर्षाने बघू." एवढं साधं.

नाताळच्या आठवड्यात पुन्हा सूज आली. म्हणजे उजवीचा निकाल लागला. प्रश्न उरला कधीचा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, त्याआधी नको. नंतर एप्रिलपासून पुढच्या प्रवेश परीक्षा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोकळे दिवस आहेत, मी ते कॅलेंडरवर खूण करून ठेवले आणि संमतीचा फॉर्म आणला. अठरा वर्षांखालील रुग्णासाठी खाली पालकाच्या सहीची जागा. मी पेन काढलं.

लेकीने फॉर्म ओढून घेतला, वाचला. नस दुखावण्याचं कलम दोनदा वाचलं. माझ्या ओठाकडे बघितलं. मग कॅलेंडर काढून म्हणाली, "पपा, माझा वाढदिवस एकतीस मार्चला. दोन एप्रिलची तारीख मिळते का बघा ना. मी सही करीन."

मी बाईंना विचारलं. सूज आटोक्यात असेल तर आठवड्याने काही बिघडत नाही म्हणाल्या. दोन एप्रिलला सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे, आणि येताना जन्मदाखल्याची झेरॉक्स आणायला सांगितली आहे.